वाचक विचारतात : समुद्रात उरले किती?

गेल्या अंकात पावसाळी मासेमारीबंदीवर लिहिलं होतं. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावरच्या यांत्रिक नौका बंदरात का उभ्या असतात, असा विषय होता. त्यातल्या ‘साठा’, ‘नवभरती’, ‘कमाल शाश्वत उत्पादन’ या शब्दांवर पुण्यातून पत्रं आली. माझी नोकरीची वर्षं कोकणातल्या बंदरांवर मासे मोजण्यात गेली. आता कर्वेनगरात राहते, पण या विषयावर कुणी नेमकं विचारलं की फार बरं वाटतं. काही पत्रांना सविस्तर उत्तर दिलं आहे, काहींना दोन ओळींत.

मत्स्यसाठा म्हणजे गोदामातल्या मालासारखं काही असतं का? आणि समुद्रातले मासे मोजतं कोण?
*(एक निवृत्त हिशेबनीस, कोथरूड)*

समुद्रातले मासे कुणीच मोजत नाही. हिशेब लावतात तो बाहेर आलेल्या मासळीवरून.

आधी साठा काय ते सांगते. एका जातीचे जे मासे आपसांत प्रजनन करतात आणि ज्यांचं वाढणं-मरणं साधारण एका चालीनं होतं, तो गट म्हणजे साठा. जात एक असली तरी साठे निराळे असू शकतात. बंगालच्या उपसागरातलं पापलेट आणि पालघरसमोरचं पापलेट एका हिशेबात धरत नाहीत. उलट पालघर आणि दक्षिण गुजरात ही राज्यं दोन असली तरी समोरचं पाणी एकच आहे. एका बाजूनं लहान मासे राखले आणि दुसऱ्या बाजूनं उपसले, तर राखणाऱ्याच्या पदरात फारसं काही पडत नाही.

पाहणीचं मुख्य काम केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था करते. १९४७ साली सुरू झालेल्या या संस्थेचं मुख्यालय कोचीला आहे. झाईपासून रेडीपर्यंत आपल्या किनाऱ्यावर मासळी उतरण्याच्या जागा इतक्या आहेत की रोज सगळीकडे माणूस उभा करणं शक्य नाही. म्हणून कोणत्या बंदरावर कोणत्या दिवशी जायचं हे यादृच्छिक पद्धतीनं ठरतं, सोयीनं ठरवायचं नसतं. तिथे आलेल्या नौकांमधल्या काही निवडायच्या, त्यांची मासळी जातवार नोंदवायची आणि त्यावरून महिन्याचा, मग वर्षाचा अंदाज बांधायचा.

प्रत्यक्षात हे कसं होतं ते सांगते. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात ट्रॉलर, म्हणजे मागे जाळं ओढत नेणारी नौका, धक्क्याला लागला की आधी तांडेलाला, म्हणजे नौकेच्या प्रमुखाला, गाठायचं. किती दिवसांची फेरी झाली, जाळं किती वेळा ओढलं, किती वाव (हे खोलीचं माप) पाण्यात, जाळ्याचा आस, म्हणजे भोक, केवढा. मासळीकडे नंतर बघायचं, कारण लिलाव सुरू झाला की तांडेलाला बोलायला उसंत नसते. मग पाट्या उतरतात. पाटीत हात घालून येतील ते मासे घ्यायचे, निवडायचे नाहीत. नव्या माणसाचा हात आपोआप मोठ्या माशाकडे जातो, तो आवरायला शिकावं लागतं. मोजपट्टीच्या फळीवर मासा आडवा ठेवायचा, थोबाड कडेला टेकवायचं आणि लांबी मिलिमीटरमध्ये लिहायची. मग पोट उघडून गाबोळी, म्हणजे अंड्यांची पिशवी, बघायची : कच्ची आहे, पिकली आहे की नुकतीच रिकामी झाली आहे.

धोम्यासारखा मासा असेल तर डोक्यातून कानाचे खडे काढतात. कवटीत दोन पांढरे, टणक खडे असतात आणि मासा वाढेल तसे त्यांवर थर चढत जातात. थंड समुद्रात हिवाळ्याचा थर वेगळा उठून दिसतो, त्यामुळे तिथे माशाची वर्षं मोजता येतात. आपल्या उबदार पाण्यात वर्षाची रेघ पुसट असते. म्हणून आपल्याकडे वय काढायची नेहमीची रीत दुसरी आहे. दर महिन्याला भरपूर माशांच्या लांब्या घ्यायच्या आणि एका पिढीचा घोळका महिन्यागणिक किती मिलिमीटर पुढे सरकला ते पाहायचं. या सरकण्यावरून वाढीचा वेग कळतो आणि मोठ्या लांबीचे मासे किती झपाट्यानं विरळ होतात त्यावरून मृत्यूचा दर. त्या दराचे पुन्हा दोन भाग : नैसर्गिक मरण, आणि जाळ्यात आलेलं मरण. कुठल्याही अहवालात मी आधी हा दुसरा भाग शोधते.

बंदरावर उतरलेल्या मासळीचा आकडा सलग दोन वर्षं वाढला, तर मासे वाढले असं का म्हणू नये?
*(सिंहगड रोडवरून एक वाचक)*

कारण तो आकडा वाढायला मासे वाढावेच लागतात असं नाही. इंजिनाची ताकद वाढली, संध्याकाळी परतणारी नौका बर्फ भरून आठवडाभर बाहेर राहू लागली, जीपीएस आणि मासे शोधणारं यंत्र आलं, की तोच साठा जास्त वेगानं बाहेर येतो. या सगळ्याला मिळून मासेमारीचा प्रयत्न म्हणतात. तो तासांत, फेऱ्यांत किंवा जाळं ओढण्याच्या वेळांत मोजतात. उतरलेल्या मासळीला या प्रयत्नानं भागलं की मिळते ती प्रति प्रयत्न पकड. पूर्वी तासभर जाळं ओढून जेवढं मिळायचं त्याच्या निम्मंच आता मिळत असेल, तर एकूण टनांचा आकडा कितीही वर गेलेला असो, मला काळजी वाटते.

आणखी एक. ‘उतरलेली मासळी’ आणि ‘पकड’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जाळ्यात आलेलं पण समुद्रातच फेकून दिलेलं धक्क्यावरच्या वहीत येत नाही.

प्रति प्रयत्न पकडही डोळे मिटून वापरता येत नाही. बांगडा, तारली हे मासे संख्येनं घटले तरी थवा करूनच राहतात, आणि पर्ससीनवाला, म्हणजे थव्याभोवती जाळ्याचा वेढा घालणारा, थवा हेरूनच जाळं टाकतो. त्यामुळे साठा रोडावत असतानाही जाळं भरून येतं. विसर्जनाच्या रात्री लक्ष्मी रोडवरची डोकी मोजून पुण्याची लोकसंख्या काढावी, तसा हा प्रकार आहे. कॅनडात न्यूफाउंडलंडसमोरच्या कॉड माशाबाबत हेच झालं. ट्रॉलरांची प्रति प्रयत्न पकड चांगली दिसत होती, तिच्यावर विसंबून साठा प्रत्यक्षापेक्षा मोठा धरला गेला, आणि जुलै १९९२ मध्ये तिथल्या सरकारला मासेमारी थांबवावी लागली. सुमारे ३० हजार लोकांचं काम गेलं. सुरुवातीला दोन वर्षांसाठी म्हणून लावलेली बंदी उठायला २०२४ साल उजाडलं, आणि तीही अगदी मर्यादित मासेमारीपुरती उठली.

‘कमाल शाश्वत उत्पादन’ हा आकडा ठरवून दिला आणि तो पाळला, की प्रश्न मिटायला हवा. तसं का होत नाही?
*(अर्थशास्त्राच्या एक निवृत्त प्राध्यापिका, एरंडवणे)*

कल्पना सुरेख आहे, आधी तिची बाजू मांडते. साठा अगदी भरलेला असेल तर अन्न पुरत नाही आणि त्याची वाढ थांबते. अगदी थोडा उरला असेल तर वाढायला मासेच नसतात. मध्ये एक जागा अशी येते जिथे दरवर्षीची भर सर्वांत जास्त असते. मिल्नर शेफर यांनी १९५४ मध्ये मांडलेल्या गणितात ही जागा मूळ साठ्याच्या निम्म्यावर येते. तिथली भर म्हणजेच कमाल शाश्वत उत्पादन. तिथे जेवढी भर पडते तेवढीच काढत राहिलं, तर साठा जागचा हलत नाही.

त्याच वर्षी स्कॉट गॉर्डन यांनी जे लिहिलं ते तुमच्या विषयातलं आहे. समुद्र सगळ्यांना मोकळा असेल तर नफा दिसतो तोवर नव्या नौका येत राहतात, आणि सगळा नफा खर्चात विरेपर्यंत ही भर थांबत नाही. मासा संपायच्या कितीतरी आधी मच्छीमाराची कमाई संपते. डिझेलची पावती आणि लिलावाची पावती शेजारी मांडून बसलेले नौकामालक मी पाहिले आहेत. गेलं तर तोटा, न गेलं तर कर्जाचा हप्ता आणि खलाशांना दिलेली उचल डोक्यावर. ते सगळे जाणते लोक होते. साठा घटतोय हे त्यांना आमच्या आधी कळलेलं असायचं. पण एकट्यानं थांबून उपयोग नसतो, कारण आपण सोडलेला मासा शेजारची नौका उचलते.

आता माझे आक्षेप. ‘कमाल’ आकडा हा सरासरी काढून आलेला असतो आणि समुद्र सरासरीनं चालत नाही. एखाद्या वर्षी पाणी तापलं, पिल्लं जगली नाहीत, आणि त्याही वर्षी आपण कमाल तेवढं काढलं, तर साठा निम्म्याच्या खाली जातो. खाली गेला की त्याची भरही घटते, आणि आकडा मात्र कागदावर तोच राहतो. १९७७ मध्ये पीटर लार्किन या कॅनडाच्या शास्त्रज्ञानं या कल्पनेचा मृत्युलेखच लिहिला होता. ती मेली नाही, पण तिची जागा बदलली. १९९५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या मत्स्यसाठे करारात तिच्याकडे ओलांडायची नाही अशी मर्यादा म्हणून पाहिलं आहे. आपल्याकडे अजूनही बोलताना ते गाठायचं उद्दिष्ट असतं : ‘एवढी क्षमता आहे, एवढीच वापरली, अजून एवढा वाव आहे.’ हे वाक्य बैठकीत ऐकलं की मला अस्वस्थ होतं.

दुसरा आक्षेप आपल्या समुद्रापुरता आहे. कॉडच्या समुद्रात एका जातीचा हिशेब बऱ्याच अंशी चालतो. आपल्या एका ट्रॉलजाळ्यात कोळंबी, धोमा, राणी मासा, वाकटी, माकूल (स्क्विड) आणि मोरी (लहान शार्क) एकदमच येतात. कोळंबीचं आयुष्य थोडं आणि वाढ झपाट्याची. मोरी मोजकी पिल्लं देते. कोळंबीला सोसेल एवढी मासेमारी केली तर त्याच जाळ्यात मोरीचा साठा खचतो. मग शाश्वत ते कुणाच्या दृष्टीनं? जाळं जातवार नियम पाळत नाही. म्हणून मला टनांच्या आकड्यापेक्षा नौकांची संख्या, इंजिनाची ताकद, जाळ्याचा आस आणि मासेमारीचे दिवस यांवरची बंधनं जास्त भरवशाची वाटतात.

एलईडी दिवे लावून मासेमारीला बंदी आहे ना? मग रोज बातम्या कशा येतात?
*(धनकवडी)*

बंदी आहे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत राज्याची हद्द. तिथे महाराष्ट्राचा १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा चालतो, २०२१ मध्ये त्यात कडक दंड आले. एक सागरी मैल म्हणजे साधारण १.८५ किलोमीटर. त्यापलीकडे २०० मैलांपर्यंतचं पाणी केंद्राच्या अखत्यारीत आहे आणि तिथे केंद्रानं नोव्हेंबर २०१७ मध्ये एलईडी मासेमारी बंद केली. पण किनारा ७०० किलोमीटरांहून लांब, गस्त रात्रीची, आणि दिवा विझवायला क्षण पुरतो. प्रकाशाला मोठ्या माशांबरोबर पिल्लंही जमतात, माकूल तर हमखास जमतो. पारंपरिक मच्छीमारांचा याला विरोध आहे आणि मी त्यांच्या बाजूची आहे.

गणेश पेठेत लहान पापलेटं स्वस्तात मिळतात. मासेवाल्या मावशी म्हणतात, “ताई, कोवळी आहेत, चवीला गोड लागतील.” घ्यावीत का? आणि कायद्याला चालतात का?
*(औंधहून एक गृहिणी)*

तळहातापेक्षा लहान असतील तर घेऊ नका.

महाराष्ट्रानं २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान कायदेशीर लांबी ठरवली. पापलेटाची १३५ मिलिमीटर आहे आणि बोंबलाची १८०. त्याच वर्षी पापलेटाला राज्यमासा म्हणून जाहीर केलं. १३५ मिलिमीटर म्हणजे साडेतेरा सेंटिमीटर, तुमच्या स्वयंपाकघरातल्या सुरीच्या पात्याएवढं जेमतेम. एवढ्याशा माशांना किलोमध्ये दहा-दहा बसतात.

मोजताना एक लक्षात ठेवा. पापलेटाची शेपटी खोल दुभंगलेली असते, तिची खालची फाक लांब असते आणि बर्फात हाताळताना ती हमखास तुटते. म्हणून अभ्यासक पापलेट थोबाडाच्या टोकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत मोजतात. मी बाजारात जाताना शिवणकामाची टेप पिशवीत टाकते. गणेश पेठेतल्या माझ्या नेहमीच्या मावशींना याची सवय झाली आहे. मी दिसले की त्या बर्फाखालचा मोठा मासा वर काढतात आणि बारक्या पाटीकडे मला बघूही देत नाहीत. त्यांच्याशी मी वाद घालत नाही. मुंबईहून रात्री येणाऱ्या गाडीत जो माल येतो तो त्या विकतात.

कायद्याची लांबी आणि वयात येण्याची लांबी मात्र एकच समजू नका. ज्या लांबीला एका जातीचे निम्मे मासे प्रजननाला तयार झालेले असतात, तिला अभ्यासात एल-फिफ्टी म्हणतात. कायदा करताना मच्छीमाराचं पोटही पाहावं लागतं, म्हणून कायदेशीर लांबी बऱ्याचदा एल-फिफ्टीच्या खालीच ठेवतात. कायद्यात बसणारा मासा एकदा तरी गाबोळी टाकून आलेला असेल, याची खात्री त्यामुळे देता येत नाही. मी स्वतः कायद्यापेक्षा बराच मोठा मासा मिळाला तरच पापलेट घेते, नाहीतर त्या दिवशी बांगडा.

लहान पापलेटं येतात कुठून? बरीचशी डोल जाळ्यातून. हे पिशवीसारखं जाळं प्रवाहाच्या तोंडावर बांधून ठेवतात. बोंबील, जवळा, करंदी यांसाठी त्याचा आस बारीक असतो, आणि भरतीच्या पाण्याबरोबर पापलेटाची पिल्लंही आत शिरतात. माशाला कल्ल्यापाशी अडकवणारं मोठ्या आसाचं जाळं असतं, त्यातून पिल्लं सहज निसटतात. ट्रॉलजाळ्याचा प्रश्न निराळा आहे. त्याचा शेवटचा भाग, म्हणजे खोला, नेहमीच्या शंकरपाळ्याच्या आकाराच्या आसाचा असतो. ओढ बसली की ते आस मिटतात आणि मोजमाप कागदावर कितीही असलं तरी फट उरत नाही. चौकोनी आस ओढीतही उघडा राहतो. खोल्याला ४० मिलिमीटरचा चौकोनी आस लावा, असा आग्रह असतो तो यासाठीच. खर्च थोडा, आणि पिल्लू जिवंत बाहेर पडतं.

यात पैशाचंही नुकसान आहे, ते तुमच्या पत्रातल्या ‘स्वस्त’ या शब्दावरून आठवलं. तेच पापलेट काही महिने पाण्यात राहिलं असतं तर वजन कितीतरी पटींनी वाढलं असतं, आणि मोठ्या पापलेटाला किलोचा भावही चढा. वाढायच्या आधीच मासा काढण्याला वाढीची अतिमासेमारी म्हणतात. हिचा पहिला फटका मच्छीमाराच्या खिशाला बसतो.

मॅडम, एक मादी हजारो-लाखो अंडी घालते. मग थोड्या माद्या उरल्या तरी पुरेशा व्हायला हव्यात ना? ‘नवभरती’ एवढी महत्त्वाची का?
*(शिवाजीनगरच्या एका महाविद्यालयातली प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी)*

सगळ्या पत्रांत तुझा प्रश्न मला सर्वांत आवडला. अंड्यातून निघून, वाढून, जाळ्यात सापडण्याएवढे मोठे झालेले मासे दरवर्षी साठ्यात दाखल होतात. त्यांना नवभरती म्हणतात. अंडी आणि नवभरती यांच्यामधल्या काळात जवळजवळ सगळं मरतं. डिंभक, म्हणजे अंड्यातून नुकतं निघालेलं पिल्लू, डोळे उघडून खायला लागतो त्या दिवसांत योग्य आकाराचे सूक्ष्मजीव आसपास नसतील तर तो जगत नाही. प्रवाहानं भलतीकडे नेलं तर जगत नाही. म्हणून माद्या तेवढ्याच असूनही एका वर्षी नवभरती भरपूर आणि दुसऱ्या वर्षी नगण्य, असं होतं.

इथेच ‘थोड्या माद्या पुरेत’ हा हिशेब कोसळतो. वाईट वर्ष येणारच आहे. ते निभावायला साठ्यात वेगवेगळ्या वयाच्या माद्या हव्यात, विशेषतः मोठ्या. मोठी मादी लांबीच्या मानानं कितीतरी जास्त अंडी देते. अनेक जातींत तिचा हंगामही लांब असतो, त्यामुळे सगळी अंडी एकाच वाईट आठवड्यात सापडत नाहीत. आपण आधी काढतो त्या याच माद्या, कारण भाव त्यांना असतो. प्रजननक्षम साठाच इतका उतरला की नवभरती पुरी पडेनाशी होते, तेव्हा तिला नवभरतीची अतिमासेमारी म्हणतात. वाढीची अतिमासेमारी लवकर सावरता येते, ही सावरायला फार वेळ जातो.

केरळची तारली बघ. तिथे २०१२ मध्ये जवळपास ४ लाख टन तारली उतरली होती. २०२१ मध्ये उतरली ३,२९७ टन. एल निनोसारख्या बदलांनी अन्न आणि पाण्याचं तापमान बिघडलं, आणि त्याच काळात पिल्लांचीही मासेमारी झाली. केरळनं तारलीसाठी १० सेंटिमीटरची किमान लांबी ठरवलेली आहे. एल निनो आपल्या हातात नाही, पिल्लं सोडणं आहे. तारली लवकर वयात येणारी, म्हणून पाणी निवळल्यावर ती परतू शकते. घोळ मासा किंवा मोरी यांच्यावर अशीच वेळ आली तर मला तेवढी आशा वाटणार नाही.

पुढे शिकायचं असेल तर रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, पदव्युत्तर अभ्यासाला मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था. गणित सोडू नकोस. आणि पहाटे उठायची सवय कर.

‘बायकॅच’ म्हणजे वाया गेलेली मासळी का?
*(बाणेर)*

ज्याच्यासाठी जाळं टाकलं त्याखेरीज जे येतं ते बायकॅच. त्यातलं काही विकलं जातं, काही फेकतात, आणि बारकी मासळी ‘कुटी’ म्हणून मत्स्यपीठाच्या कारखान्यांकडे जाते. तिला गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा पिल्लं टाळण्यात मच्छीमाराचा फायदा होता, आता पिल्लांनाही किलोवर भाव आहे. यामुळे झालेलं नुकसान मला ट्रॉलरांच्या संख्येइतकंच गंभीर वाटतं. संरक्षित प्राण्यांसाठी मात्र एक चांगली गोष्ट घडली आहे. कासव, देवमुशी असा प्राणी अडकला आणि मच्छीमारानं जाळं कापून त्याला सोडलं, तर कांदळवन कक्षाकडून २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. २०१८ पासून ही योजना आहे. जाळं काय किमतीचं असतं हे माहीत असणाऱ्याला तिचं मोल कळेल.

भिगवणला चिलापी घेतो. उजनीच्या माशांनाही हेच शब्द लागू होतात का?
*(हडपसरहून एक वाचक)*

शब्द तेच, पण धरणात नवभरती बऱ्याच अंशी माणसाच्या हातात असते. रोहू, कटला यांना अंडी घालायला पावसाळ्यात पूर आलेलं वाहतं पाणी लागतं, धरणाच्या साचलेल्या पाण्यात ते भागत नाही. म्हणून मत्स्यबीज सोडावं लागतं. हे बीज केंद्रात तयार करता येतं ते डॉ. हिरालाल चौधरी यांच्यामुळे. १० जुलै १९५७ रोजी त्यांनी पियूष ग्रंथीचा अर्क टोचून भारतीय कार्प माशांचं प्रजनन करून दाखवलं. चिलापीला यातलं काहीच लागत नाही. १९५२ मध्ये भारतात आणलेल्या मूळ आफ्रिकी जातीची मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते आणि वर्षातून अनेकदा विते. त्यामुळे चिलापी टिकते, आणि बोटभर कटला मात्र बारीक जाळ्यानं काढला की पुढच्या हंगामात त्याची तूट दिसते. सोडलेलं बीज चार महिन्यांत काढून विकायचं असेल तर सोडलंच कशाला, असं मला तिथल्या बाजारात उभी असताना वाटतं. धरणावर मालकी आणि सहकारी संस्था दोन्ही ठरलेल्या असतात, तेव्हा समुद्रापेक्षा इथे आस पाळणं सोपं असायला हवं.

माझं बालपण अलिबागला गेलं. तेव्हा पापलेट ताटभर असायचं, असं सांगितलं की नातवंडं हसतात. आठवण मोठी होत जाते की मासे खरंच लहान झाले?
*(नारायण पेठेतले एक आजोबा, वय ८१)*

आजोबा, आठवण थोडी मोठी होत असेल, पण मासेमारी वाढली की साठ्यातले मोठे, वयस्क मासे आधी संपतात आणि सरासरी लांबी उतरते, हे जगभर दिसलेलं आहे. डॅनियल पॉली या शास्त्रज्ञानं १९९५ मध्ये याच्याशी जोडलेली एक गोष्ट मांडली. प्रत्येक पिढी आपण कामाला लागलो तेव्हाचा समुद्र हाच मूळचा समुद्र धरते आणि घट तिथून मोजते. आधीची घट हिशेबात येतच नाही. आमच्या नोंदवह्यांचंही तेच आहे. त्या सुरू झाल्या त्याच्या आधी समुद्रात काय होतं ते त्यांना ठाऊक नाही.

म्हणून तुमची आठवण मला हवी आहे, पण जरा तपशिलात. साल अंदाजे चालेल. मासळी कोणत्या धक्क्यावर किंवा पुळणीवर उतरायची, नौका शिडाची होती की इंजिनाची, किती पाण्यात जात. पापलेट कोणत्या महिन्यात यायचं. भाव नगावर होता की वजनावर, आणि किती. ताटभर म्हणता ते ताट घरात अजून असेल तर त्याचा व्यास मोजून लिहा. त्या काळात अलिबाग, रेवस, मुरुड भागात राहिलेले आणखी कुणी वाचक असतील तर त्यांनीही लिहावं. पत्रं मासिकाच्या पत्त्यावर पाठवा, पाकिटावर ‘जुनी मासळी’ एवढं लिहिलं तरी माझ्यापर्यंत पोहोचतील.